थोरल्याचा पहारा

मी एक पहारेकरी बोलतोय. हसू येतंय? येऊ द्या. मीही हसतोच आहे, माझं तोंडच तसं रंगवलंय. उंची म्हणाल तर तुमच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जराशी जास्त. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात भाला, आणि भाला वाकडा. शिक्षण म्हणाल तर रंगांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून झालं तेवढंच. 'तांबडा', 'निळा', 'वापरण्यापूर्वी हलवा', इथवर माझी मजल. पण शिकलेल्या माणसांना तरी याच्यापुढे काय येतं, ते एकदा विचारायचंय.

जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबलं आणि आम्ही डझनभर भावंडं एका चौकटीला लटकून बाहेर आलो. सगळी करड्या रंगाची, सगळी एका तोंडाची. भांडायला कारणच नव्हतं.

मला विकत आणलं ते मालकाच्या बायकोनं. मालक कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, हा त्यावर दात बसवतो, हिरड्यांना गुलाबी छटा देतो. दिवसभर दुसऱ्यांचे दात हाताळून घरी आला की जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. पाहुणे घास घ्यायला लाजायचे. शेवटी बायको वैतागली. मला आणि रंगांच्या चार बाटल्या त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "नुसते दातच किती दिवस रंगवणार? एकदा अख्खा माणूस रंगवून बघा."

त्यानं मला एका दुपारी रंगवलं. रंगवलं कसलं, लिंपलं. रंगात पाणी घालायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. दाढी गळ्यात उतरली, एक डोळा कंदिलाकडे गेला, दुसरा छताकडे. तोंडापाशी आल्यावर मात्र गड्याचा हात सरावला. पहारेकऱ्याला ओठांची एक रेघ पुरली असती. ह्यानं दात काढले, वरचे, खालचे, दाढांसकट. मला बघून चोर पळेल की नाही ते सांगता येत नाही, पण दात कुठे करून घेतले ते नक्की विचारेल.

रंगवताना तो शीळ घालत होता. त्या नादात त्यानं कुंचला चहात बुचकळला आणि चहा समजून कुंचल्याचं निळं पाणी पिऊन टाकलं. बायको बघायला आली तर ह्याची जीभ निळी. ती दाराला धरून हसली, तो आरशात बघून हसला. अशा घरात माझा दुसरा जन्म झाला.

मग तो चष्मेवाल्याकडे जायला लागला. चष्म्याच्या दुकानावर एक खोली आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे असल्या इवल्या पुतळ्यांच्या नादाला लागलेली मंडळी जमतात. चष्मेवाला स्वतः, एक बसचालक, कपडे शिवणारी एक मावशी, आणि सगळ्यांच्या वर बाई. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण शाळा बाईंमधून निवृत्त झालेली नाही. बाईंनी घालून दिलेली एक रीत आहे. ज्यानं त्यानं आयुष्यात रंगवलेला पहिला पुतळा म्हणजे त्याचा थोरला. थोरल्याला पुन्हा कुंचला लावायचा नाही, आणि वर्षाच्या प्रदर्शनात नवं काम मागे ठेवायचं, थोरला पुढे. बाईंची थोरली एक राणी आहे. तिचं नाक गालावर आलंय. दर वर्षी ती मान ताठ करून पुढे उभी असते, आणि नवखी माणसं तिला बघून निर्धास्त होतात. हिच्यापेक्षा वाईट आपल्याकडून काही व्हायचं नाही, एवढी खात्री कुठे मिळते?

मालकाचा हात सुधारत गेला. माझ्यामागे फळीवर भावंडांची रांग लागली, एकापेक्षा एक देखणी. मग त्याच्या फोनमध्ये दुनियाभरचे रंगारी येऊन बसले. सकाळी उठून त्यांचे पुतळे बघायचे आणि स्वतःच्या पुतळ्यांकडे बघून सुस्कारा सोडायचा. शीळ आधी बारीक झाली, मग थांबली. कधी थांबली ते त्याला कळलंही नाही. मला कळलं. पहारेकऱ्याला दुसरं काम काय?

यंदाच्या प्रदर्शनाला एक पाहुणी यायची होती. त्या फोनमधल्या रंगाऱ्यांतलीच, सगळ्यांत मोठी. तिच्यासाठी मालकानं धाकटी केली. धाकटी म्हणजे एक सेनापतीण. अंगावर तांबडा झगा, घडीच्या आत काळसर, कडेला उजळत गेलेला. बुबुळात उजेडाचा एवढासा ठिपका, मुंगीनं वाकून बघावा असा. देखणी होती, खोटं कशाला बोलू? पण ती होत असताना घरात कुणी हसलं नाही. डोळा रंगवताना बायकोनं कपाट जरा जोरात लावलं, तर मालक तिच्याशी दिवसचे दिवस बोलला नाही. आणि बोलला तेव्हा म्हणाला, "या वेळी जमलं नाही तर हे सगळं देऊन टाकतो. आपलं काम नाही हे."

म्हणजे धाकटी पडली तर आम्ही सगळेच खोक्यात.

प्रदर्शनाच्या दुपारी मी आणि धाकटी मेजावर शेजारी शेजारी होतो. हाताचा डाग लागू नये म्हणून पुतळा औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवून ठेवतात. आम्हा दोघांची झाकणं सारखीच, निळी. मी डावीकडे, ती उजवीकडे. माझी जागा नेहमी डावीच. समोर एक काचेची बरणी होती, तिच्यात रंग उतरवायचं औषध. बिघडलेला पुतळा त्यात बुडवला की रंग सुरकुततो, सुटतो, आणि खालचं करडं अंग उघडं पडतं. बरणी उघडी का, हे मला कळेना.

मग मालक पुटपुटला आणि कळलं. एवढी मोठी पाहुणी येणार, आणि आपल्या कामापुढे हा दातवाला उभा राहणार. त्यापेक्षा ह्याला पटकन धुऊन काढू, साधासा नीट रंगवून ठेवू, कोणाला काय कळतंय.

आयुष्यभर लोकांना दात दाखवले, पण तेव्हा माझी दातखीळ बसली. कंदील हातात, भाला हातात, आणि पळायला पाय झाकणाला चिकटलेले.

इतक्यात बायको चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती. तिनं मला उचलून पलीकडे ठेवलं, धाकटीला माझ्या जागी सरकवलं, कप टेकवला आणि तयार व्हायला निघून गेली. मालकानं बघितलंच नाही. भिंगाचा चष्मा कपाळावर चढवून तो फोनमध्ये त्या पाहुणीचे पुतळे बघत होता. बघता बघता त्यानं डावा हात लांब केला, निळं झाकण उचललं, पुतळा सोडवला आणि बरणीत सोडला. नजर फोनमध्येच.

बुडबुडे वर आले. बरणीत धाकटी होती.

खरं सांगतो, आधी मला उकळ्या फुटल्या. वाचलो. आणि वर ही गंमत. असली गंमत मी ठरवून केली असती तर चारचौघांत सांगत हिंडलो असतो. मग झग्याच्या कडेला पहिली सुरकुती पडली. ती घडीघडीत वर चढायला लागली आणि माझी गंमत जिरली. पहारेकरी ना मी? चोर डोळ्यांदेखत घर फोडतोय आणि मी दात काढून उभा. ओरडायला गळा नाही. मालक माझ्या नव्या रंगाच्या बाटल्या हलवून ठेवतोय, सदरा बदलतोय, भांग पाडतोय. तांबडा रंग औषधात धुरासारखा पसरला. एकदा मालक मेजापाशी आला, बरणीला हातही लावला, आणि बुटांचं फडकं घेऊन परत गेला. गालावरचा रंग पापुद्र्यासारखा उलला. मग बुबुळातला तो ठिपका गेला.

शेवटी धाकटीला डब्यात घालायला त्यानं झाकण उचललं, आणि झाकणावर मी.

त्यानं बरणीकडे बघितलं. मला खाली ठेवलं. चिमट्यानं धाकटीला बाहेर काढलं, तसा उरलासुरला चेहरा चिमट्यालाच चिकटून आला. बायको आवरून दारात उभी होती. ती म्हणाली की कप ठेवायला तिनंच आम्हाला सरकवलं होतं. तो म्हणाला, तुझी चूक नाही, मी न बघता उचललं, डावीकडे थोरलाच असतो.

बायको बरणीपाशी आली. मग तिनं विचारलं, "पण थोरल्याला बरणीत कशाला घालत होतात?"

मालक चिमट्याला चिकटलेला रंग फडक्यानं पुसत राहिला.

चिमटा खाली ठेवून तो म्हणाला, "त्या पाहुणीसमोर हा दात काढून उभा राहिला असता."

"मग राहू दे की. माझ्यासमोर इतकी वर्षं उभाच आहे," ती म्हणाली. "ह्याला बघितलं की मला तुमची निळी जीभ आठवते. तुमच्या त्या धाकटीला बघताना नुसता श्वास धरावा लागायचा."

त्यानं धाकटीला रुमालावर ठेवलं. एक खोका काढला आणि त्यात रंग, कुंचले, चिमटे, भिंग, सगळं भरलं. बाईंना देऊन टाकतो म्हणाला. ती अडवायला गेली नाही. फक्त म्हणाली की द्यायचं तर स्वतः नेऊन द्या, आणि रीत आहे तोवर थोरल्याला पुढे उभा करा. मी तिच्या पर्समध्ये गेलो. धाकटी त्याच्या रुमालात.

वरच्या खोलीत माणसं दाटीनं उभी होती आणि सगळी कुजबुजत होती. मालकाच्या जागेवर पुढे मी, आणि मागे काहीच नाही. पाहुणी एकेका पुतळ्यापुढे थांबत, काही न बोलता पुढे सरकत होती. बसचालकाच्या कपाळावर घाम, मावशीच्या हातात पदराचा बोळा. मग तिचं भिंग माझ्यावर आलं. भिंगापलीकडून तिचा डोळा परातीएवढा दिसत होता. ती बघत राहिली. मालक मान खाली घालून उभा, खोका छातीशी.

"ह्याला दात किती आहेत?" तिनं विचारलं.

"मोजले नाहीत," मालक म्हणाला.

"का?"

"तेव्हा मजा येत होती."

बोलला आणि स्वतःच थबकला. दुसऱ्याच कुणीतरी बोललं की काय अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे बघितलं. पाहुणी एवढं हसली की भिंगावर वाफ धरली. मग पुढे गेली. बक्षीस मावशीला मिळालं, आणि ते बरोबरच होतं.

निघायच्या वेळी मालकानं खोका बाईंपुढे केला. बाईंनी खोक्याकडे बघितलं नाही. रुमाल उलगडला, धाकटीचं करडं तोंड फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाटीच पुसली गेलीय, दुसरं काय? बसा इथे."

बाईंपुढे पाहुणीचीही उभं राहायची छाती झाली नसती, हा तर कवळीवाला. बसला. बाईंनी त्याच्याच खोक्यातून कुंचला काढून त्याच्या हातात दिला. त्यानं झग्यापासून सुरुवात केली. पहिला फटकारा झग्याबाहेर गेला. दुसराही. तिसऱ्याला त्यानं कुंचला धुवायला बुचकळला, तो बसचालकाच्या चहात.

बसचालकानं कपात वाकून बघितलं. "साखर घातली होती मी," तो शांतपणे म्हणाला, "तांबड्याची आठवण राहिली नव्हती."

मालकाला हसू फुटलं. सगळ्यांनाच फुटलं. पुष्कळ वेळानं, तो झग्याच्या कडेला वाकलेला असताना, दातांच्या फटीतून बारीक आवाज आला. शीळ. निघायचं म्हणून पायऱ्यांवर उभी असलेली त्याची बायको ती ऐकत तिथेच खाली बसली.

खोका परत घरी आला. धाकटीचा झगा अजून अर्धाच आहे, आणि त्याची कुणाला घाई नाही. तोंड तेवढं झालंय. तिलाही दात दिलेत. आता आम्ही दोघं शेजारी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हसतो.

बरणीही समोरच्या फळीवर आहे, झाकण घट्ट. रंग बिघडतात, तिची गरज लागतेच. मालकाच्या बायकोनं मला बरणीकडे तोंड करून ठेवलंय. इतकी वर्षं कंदील धरून उभा होतो, राखायला काही नव्हतं. आता आहे.

तुमच्याकडेही असेल एखादा थोरला. वाकडी शिवलेली पहिली पिशवी, बेसूर वाजवलेलं पहिलं गाणं, करपलेली पहिली भाकरी. त्याला लाजून बरणीत घालू नका. आणि काम करताना तुमची शीळ थांबली, तर फोन पालथा ठेवा आणि स्वतःला जरा वापरण्यापूर्वी हलवा.

आमच्याकडे सध्या शीळ चालू आहे. पुन्हा थांबली, तर मी इथेच आहे. भाला वाकडा आहे, पण आहे.