मज्जातंतू मोकळे

कॅन्सरच्या गाठी तपासून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्याच गालातली गाठ काढली आणि ती तपासायला त्यांच्याच लॅबमध्ये आली, तेव्हा सगळे हळहळले. स्लाइड बनवणारी ताई तेवढी हळहळली नाही. का हळहळावं? दोन वर्षांपूर्वी तिच्या दादाच्या गालातल्या गाठीची स्लाइड याच माणसानं अर्ध्या मिनिटात हातावेगळी केली होती. कॅन्सर मज्जातंतूला बिलगला की त्याचीच वाट धरून पसरतो, हे लॅबमधल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक. पण साहेबांच्या रिपोर्टात कायम एकच तयार वाक्य: 'मज्जातंतू मोकळे.' त्या वाक्याच्या भरवशावर दादाला रेडिएशन दिलंच नाही. आजार तंतूवरून सरकत सरकत डोळ्यामागे पोचला आणि दादा गेला. वर साहेब काय म्हणाले, तर "घरच्यांनी आणायला उशीर केला." झालं! आईनं सगळं खापर वहिनीच्या डोक्यावर फोडलं. अजून ती वहिनीशी धड बोलत नाही.

स्लाइडवर नाव नसतं, नुसता नंबर. ताईनं साहेबांची स्लाइड गुपचूप त्यांच्याच ट्रेमध्ये सरकवली. साहेबांनी डोळा लावला न लावला, "मोकळे" म्हणाले आणि सही ठोकली.

"साहेब, हा गाल तुमचाच."

साहेब पांढरेफटक पडले. पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढेचनात. एका तंतूला कॅन्सरच्या पेशींनी चहूबाजूंनी वेढलं होतं. ताईला बरं वाटलं. खोटं कशाला बोला!

"तो सही केलेला रिपोर्ट थांबव, ताई. पाया पडतो."

"आधी हे बघा." तिनं दादाची जुनी स्लाइड पुढे ठेवली. तिथंही तस्साच वेढा. "आता लिहा. तेव्हाच दिसत होतं, मी बघितलं नाही. उशीर घरच्यांनी केला नव्हता. खाली सही."

"अगं, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे की!"

साहेबांनी लिहून खाली सही केली. तिनं कागद दोनदा वाचला, मगच सांगितलं, "तुमचा खरा रिपोर्ट लॅबमधल्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी कालच सर्जनकडे धाडलाय. रेडिएशन मिळेल तुम्हाला. माझ्या दादाला नाही मिळालं."

साहेबांना हुंदका आवरेना. "माफ कर मला."

"मला काय सांगता? उठा. माझ्या आईच्या दारात उभं राहायचं आणि वहिनीसमोर हे मोठ्यानं वाचायचं."

"बोलताना गाल फार ठणकतो गं."

"ठणकू दे," ताई म्हणाली. "सगळं वाचायचं."