‘माझ्याकडे तर वाजतो’

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझं मागचं झाकण इतक्यांदा उघडलं गेलंय की ते आता नीट बसत नाही, कडेचं एक बटण आत रुतलंय, आणि माझा राग अजून गेलेला नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. फुटकी छत्रीसुद्धा शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होते. मला ते जमणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या तत्त्वातून झाला. माझ्या आतल्या सॉफ्टवेअरची प्रत्येक ओळ कुणालाही वाचता यावी, बदलता यावी, आणि माझ्या मालकावर कुणी चोरून पाळत ठेवू नये, असं मला घडवणाऱ्यांनी ठरवलं होतं. ही माणसं जगभर विखुरलेली, बहुतेक जण पदरमोड करून राबणारी. त्यांच्याबद्दल मला आदर होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे. पण पोटात तत्त्व असलं म्हणून मोबाइलला फोन घेणं चुकतं का? माझ्या पडद्यावरच्या चित्रांचे कोपरे गोल असावेत की चौकोनी, यावर ही मंडळी महिनोन्महिने भांडली. तोवर माझा कॅमेरा उघडेपर्यंत समोरचं मांजर अंग झाडून निघून जात असे. नावांची यादी उघडावी तर आधी पांढरा पडदा, मग गोल फिरणारं चक्र, मग पुन्हा पांढरा पडदा. मराठी लिहायला घेतलं की अक्षरं बोटाच्या मागून रखडत यायची. आणि बॅटरी भर दुपारीच मान टाकायची.

बॅटरीवर एकाने तोडगा काढला. काम नसेल तेव्हा मला झोपवायचं, आणि तेही गाढ. बॅटरी दिवसभर पुरू लागली. सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. फोन आला की या कुंभकर्णाला उठवणार कोण, हे बघायचं मात्र राहून गेलं.

मला घरी आणलं ते याच मंडळींपैकी एकाने. त्याला घरात मोकळेबुवा म्हणत. ‘मोकळं सॉफ्टवेअर’ हे दोन शब्द आल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे, म्हणून त्याच्या दाजींनीच हे नाव ठेवलं होतं. मोकळेबुवाच्या टेबलावर मी संगणकाला वायरीने जोडलेला असायचो. शेजारी दुसरा एक फोन असायचा. चकचकीत, मोठ्या कंपनीचा, जिला हा सभेसभेतून शिव्या द्यायचा. कचेरीचे फोन त्याच्यावर, बँकेचे त्याच्यावर, आईचेही त्याच्यावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी होतो तो फक्त पाहुण्यांना दाखवायला.

एक दिवस माझ्या जातीच्या फोनांबद्दल तक्रार आली. कुणीतरी दूरवरून लिहिलं होतं की फोन येतो, पण वाजत नाही, मागाहून नुसता निरोप दिसतो. मोकळेबुवाने शेजारच्या फोनवरून मला फोन लावला. मी खणखणीत वाजलो. वाजणारच! वायरीला जोडलेलं असताना मला झोपच लागत नव्हती. त्याने तक्रारीखाली लिहिलं, ‘माझ्याकडे तर वाजतो’, आणि तक्रार मिटवून टाकली. अरे शहाण्या, एकदा ती वायर काढून बघ, असं मला ओरडावंसं वाटलं. पण मोबाइलला दुसऱ्याने लिहून दिलं तेवढंच बोलता येतं.

आता दाजींविषयी सांगतो. दाजी शाळेची बस चालवायचे. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर बस सुटली आणि डायलिसिस सुरू झालं. दिवसाआड त्या यंत्राला जोडून घ्यायचं, घरी येऊन गळून पडायचं, जरा तरतरी आली की पुन्हा जायचं. इस्पितळाच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. जुळणारी किडनी मिळाली की फोन येणार होता. तो लगेच उचलायचा. नाही उचलला तर किडनी थांबत नाही, ती पुढच्या माणसाकडे जाते. इस्पितळाला दिलेला दुसरा फोन नंबर ताईचा, म्हणजे दाजींच्या बायकोचा, मोकळेबुवाच्या बहिणीचा होता, पण ताई शिवणकामाच्या कारखान्यात. तिथे फोन फाटकाजवळच्या कपाटात ठेवूनच आत जावं लागे. म्हणून सगळी मदार दाजींच्या फोनवर होती.

तो फोन होता साधा, बटणांचा, आणि दणदणीत वाजणारा. मोकळेबुवाला तो बघवेना.

“दाजी, हा टाका आता. मी तुम्हाला आमचा फोन देतो. ह्यात कुणी तुमचं चोरून ऐकणार नाही.”

“ऐकू दे की,” दाजी म्हणाले. “घरात तर कुणी ऐकत नाही माझं.”

ताईने मात्र भावाकडे रोखून पाहिलं. “इस्पितळाचा फोन यायचाय ह्यांना. हा वाजतो ना नीट?”

“ताई, अगं मी स्वतः तपासलाय. वाजतो.”

खरं तर ते खोटं नव्हतं. म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. खोटं बोलणारा निदान मनात चाचरतो. ह्याच्या मनात शंकाच नव्हती.

दाजींनी माझ्याशी जुळवून घेतलं. माझ्यावरची अक्षरं मुंगीएवढी, तर त्यांनी भिंग आणून ठेवलं. माझं हिरवं बटण एका सुधारणेनंतर डावीकडून उजवीकडे गेलं, तर म्हणाले, “बसचा गिअर असा रातोरात हलवला असता तर पोरं खड्ड्यात गेली असती.” पण त्यांनी मला कधी आपटलं नाही. झोपताना उशाशी, जेवताना ताटाशेजारी, अंघोळीला जाताना दारातल्या स्टुलावर. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. दाजींना एरवी फोन यायचेच कमी, म्हणून माझी गाढ झोप कुणाच्या ध्यानात आली नाही.

त्या दिवशी ते खिडकीपाशी वाटाणे सोलायला बसले आणि मला हाताशी ठेवलं. वाटाण्यांच्या टपटपीत मी झोपी गेलो.

पुढचं मला जाग आल्यावर कळलं. ताई धापा टाकत दारात उभी होती. कारखाना सुटल्यावर तिने कपाटातून आपला फोन काढला, त्यावर इस्पितळाचे येऊन गेलेले फोन पाहिले, रस्त्यातूनच उलटा फोन लावला. आम्ही दोन्ही नंबरांवर पुन्हा पुन्हा लावला, खूप वाट बघितली, शेवटी किडनी पुढच्या रुग्णाला दिली, असं त्यांनी सांगितलं होतं.

“तुम्ही उचलला का नाही?” ताई ओरडली.

“वाजलाच नाही गं. हा काय, इथेच आहे.”

दाजींनी मला उचललं. आणि तेव्हा, मित्रांनो, तेव्हा मी जागा झालो आणि ऐटीत दाखवलं की इस्पितळाचे फोन येऊन गेले. एकाखाली एक, ओळीने. दाजी भिंगातून ते वाचत राहिले.

ताईने भावाला बोलावून घेतलं. तो आला तोच पिशवीतून संगणक काढत. मला वायर जोडली आणि म्हणाला, “लाव बरं फोन.” ताईने लावला. मी वाजलो. “बघ! इस्पितळाच्या नाहीतर नेटवर्कच्या बाजूने काहीतरी—”

नाचता येईना, अंगण वाकडं!

“आम्ही काय घरात वायर लावून बसतो?” ताई म्हणाली. “काढ ती. ठेव तिथे, खिडकीत. आणि हात लावू नकोस.”

मी खिडकीत पडून राहिलो. ताईने चहा टाकला. चहा गाळून झाल्यावर ताईने तिथूनच माझा नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ओट्यावर ठेवला. पलीकडची घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि बंद झाली. खिडकीत मी मुका.

“माझ्याकडे तर...” मोकळेबुवा पुटपुटला.

“तुझा फोन दे,” ताई म्हणाली.

“कुठला?”

“तुझ्या खिशातला. ज्याच्यावर तुझे महत्त्वाचे फोन येतात तो. ह्यांचं कार्ड त्यात घाल. आणि तुझं कार्ड ह्यात घालून हा तू वापर. दुसरा विकत घेतलास तर मला तोंड दाखवू नकोस.”

दाजी म्हणाले, “अगं, राहू दे, त्याने मुद्दाम थोडंच केलं.” ताईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अशी मोकळेबुवाच्या खिशात माझी रवानगी झाली. मग त्याला कळलं. साहेब ताटकळला, बोलणी बसली. आई बसथांब्यावर भर उन्हात उभी राहिली. गर्दीत रस्ता शोधायला मला काढलं की मी चक्र फिरवत बसायचो आणि तो मला शिव्या द्यायचा. दे, दे, म्हटलं, अजून दे! करावं तसं भरावं. ज्या कामाला त्याला कधी वेळ मिळाला नव्हता, त्याला आता मिळाला. त्याने ती मिटवलेली तक्रार पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं, ‘चूक माझी होती. वायर काढून बघितलंच नव्हतं.’ कोपऱ्यांवर भांडणाऱ्यांना त्याने फैलावर घेतलं. माझं झाकण शंभरदा उघडलं, मला झोपवलं, फोन लावला, पुन्हा झोपवलं. आणि एका सकाळी त्याच्या खिशात गाढ झोपलेला मी, ताईचा फोन येताच, पहिल्याच घंटीला वाजलो.

“ताई! वाजला गं! झोपेतून उठून वाजला!”

पलीकडून ताई म्हणाली, “बरं. आज ह्यांना डायलिसिसला तू घेऊन जा. मला सुट्टी नाही.”

मित्रांनो, मला शहाणपणा शिकवायची हौस नाही. एवढंच सांगतो. तत्त्व कितीही थोर असो, जे दुसऱ्याच्या उशाशी ठेवणार ते आधी वायर काढून स्वतःच्या खिशात वागवा. आणि कुणी ‘वाजत नाही’ म्हणालं तर ‘माझ्याकडे तर वाजतो’ म्हणू नका. उठून त्याच्या घरी जा.

मी आता वाजतो. दिवसाआड आम्ही इस्पितळात असतो, दाजी यंत्राला जोडलेले, मोकळेबुवा शेजारच्या खुर्चीत, आणि मी त्याच्या खिशात. कुणाचाही फोन आला, अगदी चुकून लागला, तरी मी लगेच वाजतो. आणि दर वेळी दाजी दचकून आपल्या हातातल्या त्या चकचकीत फोनकडे बघतात. तो अजून वाजलेला नाही.