गिझरवरची चिकटपट्टी

बिल आलं की आमच्या घरात सगळे आधी एकमेकांकडे बघायचे, आणि मग सगळे मिळून बाबांकडे. बाबा म्हणजे माझे सासरे. ते थंडीच्या तोंडावर आमच्याकडे राहायला आले आणि त्याच महिन्यापासून विजेचं बिल दुप्पट झालं, हे काही खोटं नव्हतं. पण म्हणून म्हाताऱ्या माणसाकडे असं बघायचं? मला संताप यायचा, आणि तरी मीही बघायचेच.

बाबांना थंडी फार वाजते. साखरेचा आजार, अंगावर मांस नाही, त्यात आमच्या खोलीला ऊन कसं ते माहीत नाही. येताना त्यांनी स्वतःचा हीटर आणला होता, गुडघ्याएवढा. पहिलं मोठं बिल आलं तेव्हा कुणी तोंड उघडायच्या आत त्यांनीच हीटरची वायर गुंडाळली, तिला सुतळीच्या दोन घट्ट गाठी मारल्या आणि म्हणाले, हा माळ्यावर टाका. टाकला. पुढचं बिल तेवढंच आलं.

मग मी कंबर कसली. मी दवाखान्याच्या धुलाईघरात इस्त्रीला असते. दिवसभर चादरींच्या वाफेत घामाघूम व्हायचं आणि घरी येऊन थंडीत कुडकुडायचं, असं माझं नशीब. आमचे हे पावाच्या गाडीवर ड्रायव्हर. त्यांच्या फेऱ्या निम्म्या झाल्या होत्या, म्हणजे पगारही निम्मा. वीज कंपनीचा माणूस दारात येऊन सांगून गेला होता की आता थकलं तर कनेक्शन कापणार. म्हणून मी घरातला एकेक दिवा धरून हिशेब मागायला सुरुवात केली.

संध्याकाळी एकाच खोलीत दिवा. अभ्यास तिथेच, भाजी चिरणं तिथेच, भांडणही तिथेच. डाळ सकाळीच भिजत घालायची, म्हणजे कुकर लवकर उतरतो आणि गॅसही वाचतो. चहा दिवसातून एकदाच टाकायचा आणि थर्मासमध्ये भरून ठेवायचा, मग त्याला दुपारपर्यंत कसलीही चव येवो. दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबायची. कपडे विसळलेलं पाणी लादीला, आणि लादीचं पाणी संडासात. मोबाइलचा चार्जर मी कामाच्या ठिकाणी नेऊ लागले, आणि माझ्याबरोबर अख्ख्या घराचे मोबाइल. बाबांनी तर स्वतःच्या मोबाइलचा रिचार्जच बंद केला. मला कोण फोन करणार आहे, म्हणाले.

आमच्या लेकीला आम्ही टिटवी म्हणतो, कारण तिचा आवाज. तिला मी दिवे बंद करायचं काम दिलं आणि चूकच केली. आत माणूस असला तरी बाहेरून बाथरूमचा दिवा घालवायची आणि वर ओरडायची, दोन मिनिटं झाली. हे एकदा अंधारात साबण शोधत दहा मिनिटं आत बसले होते. हसलो आम्ही, नाही असं नाही.

बाबा हसले नाहीत. त्यांनी गरम पाणी सोडलं. ऐन थंडीत गार पाण्याने अंघोळ, आणि बाहेर आले की ओठ निळे. मी भांडले, आवाज चढवला, बादलीभर पाणी तापवून दारात नेऊन ठेवलं. त्यांनी त्या पाण्यात टिटवीला अंघोळ घालायला सांगितलं. आणि त्यानंतरचं बिल? तेवढंच. चार पैसे जास्तच.

एकच गोष्ट घरात कधी बंद झाली नाही, ती म्हणजे फ्रिज. त्यात बाबांचं इन्सुलिन असायचं. यांना गाडीवरच्या कुणीतरी सांगितलं होतं की एकदा मेन स्विच पाडून मीटर फिरतो का ते बघा. हे तसं म्हणाले मात्र, मी अंगावरच गेले. इन्सुलिन खराब झालं तर तुमच्या गाडीवरचा भरून देणार आहे का, असं म्हणाले. औषधाच्या दुकानात मला बजावून सांगितलं होतं, फ्रिज बंद करायचा नाही, आणि मी ते देवाच्या शब्दासारखं धरून बसले होते. त्यात बाबा कुठे बाहेर जायचे नाहीत, त्यामुळे घर कधी रिकामं पडायचंच नाही. मेन स्विच खाली जिन्याच्या अंधारात, त्याच्या पेटीवर कोळ्यांची जाळी. तिथे कोण हात घालतो.

जिन्याला लागूनच एक किराण्याचं दुकान आहे. दुकानदाराने थंडीच्या सुरुवातीला नवा फ्रीझर घेतला होता, आडवा, माणूस झोपेल एवढा. आत दूध, वाटाणे आणि कुणी घेत नाही असं आइस्क्रीम. मी त्याच्याशी बिलाचं बोलायचे, कारण तोही बिलाचं बोलायचा. एकदा दुधाची पिशवी देता देता तो म्हणाला, वहिनी, म्हातारी माणसं विसरतात हो. माझी आजी झोपेत उठून सगळे दिवे लावायची आणि सकाळी विचारलं तर म्हणायची, मी नाही.

मी ते घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. त्या वेळी बाबा आतल्या खोलीत होते. यांनी मात्र ते मनावर घेतलं. दोन दिवसांनी ते बाबांजवळ बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाबा, तुमच्या नकळत होत असेल. लावत असाल आणि विसरत असाल. आम्ही रागावत नाही."

मी इतके महिने घसा फोडत होते, त्याचं बाबांना काही वाटलं नव्हतं. माझ्या ओरडण्याला ते उलट उत्तर द्यायचे, चिडवायचे, सूनबाईचा आवाज बंद केला तर निम्मं बिल वाचेल असं टिटवीला सांगायचे. या मऊ बोलण्यावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गिझरच्या बटणावर आडवी चिकटपट्टी दिसली. बाबांनीच लावली होती. रोज झोपताना लावायची आणि सकाळी उठून आधी ती बघायची, जागची हलली आहे का. ती कधीच हललेली नसायची. मी म्हटलं, बघा, तुम्ही नाही. ते म्हणाले, काढून परत लावत असेन.

आणि एका सकाळी त्यांनी सांगितलं की ते लेकीकडे जाणार. म्हणजे माझ्या नणंदेकडे. तिचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, आणि जावई असा की पाहुण्याने दुसऱ्यांदा भात घेतला की ताटाकडे बघतो. जन्मात कधी लेकीच्या घरचं पाणी प्यायला न थांबलेला माणूस तिथे राहायला निघाला. मी विनवलं. शेवटी मी रडले, आणि मी सहसा रडत नाही. तुम्ही गेलात तर शाळेतून आलेल्या पोरीला कोण बघणार, असं स्वार्थाचंही बोलून बघितलं, म्हटलं त्याने तरी थांबतील. ते तर आणखीच घाबरल्यासारखे झाले.

"तिकडे माणसं जास्त आहेत. कुणी ना कुणी जागं असतं," एवढंच ते म्हणाले. मला त्यातलं काही कळलं नाही.

रविवारी आम्ही तिघंही त्यांना सोडायला निघालो. इन्सुलिन बर्फ घालून चहाच्या थर्मासमध्ये गेलं. फ्रिज रिकामा झाला. निघताना हे जिन्याखाली थांबले, पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला. आज निदान एक दिवस तरी मीटर झोपू दे, म्हणाले. बाबांनी ते बघितलं आणि मान खाली घातली. मला त्या क्षणी नवऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

बस सुटली. बाबांनी खिडकीतून हात केला नाही, कारण दोन्ही हातांनी थर्मास धरला होता. येताना भाडं वाचवायला चालत आलो, आणि टिटवी रडायची थांबेना म्हणून वाटेतल्या बागेत बसलो. बाग फुकट असते. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं आणि त्याच्याखालून पाण्याचा ओघळ पायरीपर्यंत आला होता. जिन्याखाली दुकानदार उभा होता, हातात टॉर्च, आमची पेटी उघडी. आम्ही मागे आहोत हे त्याला कळलं नाही. त्याने आमचा मेन स्विच वर केला, आणि भिंतीपलीकडे दुकानात फ्रीझर घरघरू लागला.

मी त्याला बाजूला सारलं आणि स्विच खाली केला. घरघर थांबली. वर केला. सुरू झाली. पुन्हा खाली केला. मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं. हे पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

दुकानदाराने आधी काही माहीत नसल्याचा आव आणला, मग जुनी वायर आहे म्हणाला, मग घरमालकाच्या वायरमनचं नाव घेतलं, आणि शेवटी हात जोडले. धंदा बसला होता, फ्रीझरचे हप्ते होते, दोन महिन्यांपुरतंच करायचं होतं, म्हणाला. मी त्याचं काही ऐकत नव्हते. मी नणंदेला फोन लावला. बाबा नुकतेच पोचले होते. तिने फोन त्यांच्याकडे दिला आणि मी एका दमात सगळं सांगितलं. ते "बरं, बरं" म्हणत राहिले. मग थांबून म्हणाले:

"पोरी, तू मनाची मोठी आहेस. पण माझी समजूत काढायला असं काही रचू नकोस."

मी शपथ घेतली. टिटवीची घेतली. त्यांनी मला अडवलं आणि हळू आवाजात, बहुतेक नणंदेला ऐकू जाऊ नये म्हणून, बोलू लागले. गिझरची पट्टी मला माहीत होती. गॅसच्या बटणांची माहीत नव्हती. ते रोज आम्ही झोपल्यावर गॅसलाही पट्टी लावायचे आणि आम्ही उठायच्या आत काढायचे. गिझर लावून विसरणारा माणूस उद्या गॅस सोडून विसरेल, आणि घरात लहान पोर आहे. "बिलासाठी नाही गेलो मी," ते म्हणाले. "मला माझी भीती वाटायला लागली होती."

मी भिंतीला टेकले. माझ्या शब्दाने आता काही होणार नव्हतं, कारण मी त्यांच्यावर माया करणारं माणूस, आणि मायेचं माणूस खोटं बोलतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी फोनवर हात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, तू सांग. आजवर त्याला भाऊ म्हणत होते.

तो मागे सरला. म्हणाला, वहिनी, सगळे पैसे देतो, उद्याच देतो, वर आणखी देतो. फक्त माझं नाव घेऊ नका. वायरिंगमध्ये बिघाड होता म्हणा. मी फोनवर कबूल केलं आणि तुम्ही ते रेकॉर्ड करून कंपनीला दिलं तर माझं दुकान गेलं.

पैसे. मला त्या पैशांची किती गरज होती ते माझं मला माहीत. यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि वायरिंगमध्ये बिघाड हे तर कुठलीही सून सासऱ्याची समजूत काढायला म्हणेल.

"पैसे नाही दिलेस तरी चालेल," मी म्हणाले. "कंपनीकडेही जाणार नाही. पण त्यांना तुझ्या तोंडून सांग. त्यांना विसराळू तू ठरवलंस."

मी फोन त्याच्या तोंडाशी धरला. शटरखालून येणारं पाणी आमच्या चपलांपर्यंत आलं होतं.

"काका," तो म्हणाला, "खालचा दुकानदार बोलतोय. तुमच्या मीटरवर माझा फ्रीझर होता. वायर मीच जोडून घेतली."

पलीकडून बाबांचा आवाज आला, परत सांगा. त्याने परत सांगितलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. त्याने तेही सांगितलं, तुम्ही राहायला आलात त्याच आठवड्यापासून. मग बाबांनी विचारलं, "आणि पट्टी? ती मी काढत नव्हतो ना?"

दुकानदाराला कसली पट्टी ते माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली.

"नाही काका," तो म्हणाला. "तुम्ही काही काढत नव्हता. तुम्ही काही लावतही नव्हता."

फोन माझ्याकडे आला तेव्हा पलीकडे नणंदेच्या घरातला गलका ऐकू येत होता. मी हाक मारली, दोनदा मारली. मग त्यांनी नाक शिंकरलं.

"सूनबाई, हीटर माळ्यावरच आहे ना? खाली काढून ठेव. सुतळी कापू नकोस, चांगली आहे. गाठी मी आलो की सोडतो."