भिंगरीतला चोरखटका

मित्रांनो, वयाने मी काही फार जुनी नाही, पण काळजीने पार पिकले आहे. मी भिंगरी, बक्षिसांच्या खेळाचं यंत्र. माझ्या तोंडावर चोवीस दिव्यांचं रिंगण आहे आणि उजेड त्यातून गोल पळत असतो. तो पिवळ्या दिव्यावर येताच लाल बटण दाबलं, की माझ्या पोटातून तिकिटांची माळ बाहेर येते. ती काउंटरवर द्यायची आणि खेळणं घ्यायचं.

माझा जन्म भोपाळच्या इंद्रपुरीतला. कारखान्यातून निवृत्त झालेल्या सुभाषकाका फिटरांनी माझा सांगाडा बांधला आणि त्यांच्या लेकीने, सुचेताने, माझा मेंदू. तपासणीशिवाय काहीही फाटकाबाहेर जायचं नाही, हा काकांचा कारखान्यातला शिरस्ता. म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी कॉलनीतली तीच दहा मुलं मला खेळून तपासत आणि काका रजिस्टरात ‘पास’ लिहीत. इथेच घोडं पेंड खात होतं, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. मला तपासता तपासता मुलंच तरबेज झाली! नऊ वर्षांची पिंकी तर नुसती टिकटिक ऐकून, डोळे मिटून पिवळा दिवा साधायची.

मग मिसरोदच्या एका गेम झोनमध्ये मला पारखायला ठेवलं. कौतुकाच्या भरात काकांनी पहिल्याच दिवशी त्याच मुलांना नेलं. दुपारपर्यंत बक्षिसांचं कपाट रिकामं झालं.

मॅनेजर सुचेताला म्हणाला, “मॅडम, ऐसे तो नहीं चलेगा. कौन जीतेगा, ये हम तय करेंगे. नहीं तो मशीन वापस ले जाइए.”

सुचेताची दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती. काकांना न सांगता तिने माझ्या पाठीत एक चोरखटका बसवला. आता कोणी बटण अगदी वेळेवर दाबलं, तरी मी उजेड एक दिवा पुढे सरकवत असे. मूल समोर आलं, की मनात एकच घोर लागायचा: पकडली गेले तर भंगारात जाणार, नाही पकडली गेले तर रोज खोटं खेळणार.

आणि वाढदिवसाला पिंकी मैत्रिणींना घेऊन आली. सोबत काका आणि सुचेताही होते. पिंकी पहिल्यांदा चुकली, मग दुसऱ्यांदा. पाचव्यांदा चुकल्यावर ती आपल्या बोटाकडे पाहत राहिली.

“सुचेताताई, माझा हात बिघडला का गं? मी तर एकदम टाइम पे दाबलं होतं ना!”

मैत्रिणी खुदखुदल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी लेकीकडे पाहिलं. “सुचेता, हे मी पास केलेलं नाही.”

सुचेताचा चेहरा उतरला. मॅनेजर तिथेच उभा होता. ती पिंकीसमोर गुडघ्यांवर बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “तुझा हात पक्का आहे, पिंकी. मशीन खोटं खेळत होतं. मीच त्याला तसं केलं.” मग तिने माझी पाठ उघडली आणि खटका उपटून काढला.

दुसऱ्या दिवशी टेम्पोने मला घरी आणलं. आता मला कोण घेणार, ठाऊक नाही, काळजी आहेच. सुचेता माझ्या उजेडाची चाल अवघड करते आहे आणि काका तपासायला रोज नवी मुलं धुंडाळून आणतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी खेळ बनवेल. तो हवा तितका कठीण करा. मुलं हरतील, रुसतील आणि पुन्हा खेळायला येतील. पण बरोबर खेळलेल्या मुलाला स्वतःच्या हाताची शंका येईल, असं काही माझ्यासारख्यांच्या पोटात घालू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.