दामोदर सरांनी उघडलेले झाकण

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. बेळ्ळंदूरच्या एका रुग्णालयात रुग्णांचे अहवाल सांभाळतो. माझ्या पोटात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला घडवले बेळगावच्या कस्तुरीने. बिघडलेला भाग मला बंद न करता, नुसत्या हाताने बदलता यावा, हा तिचा हट्ट. म्हणून निळी खिट्टी दाबली की माझा पंखा अलगद हातात येतो. तिचे वरिष्ठ दामोदर सर पाहुण्यांपुढे मला कौतुकाने मिरवत.

पुढे खर्च वाचवायला त्यांनी नवा सर्व्हर काढला. पंखे पार तळाशी, झाकण रिव्हेटचे, म्हणजे कायमचे, खिळे मारून बंद. कस्तुरीने विरोध केला, तो कोणी ऐकला नाही. ते सर्व्हर तापून बंद पडू लागले, तेव्हा सरांनी खापर तिच्यावर फोडले. तिची नोकरी गेली. जुना नमुना म्हणून मलाही मोडीत काढले आणि मी यशवंतपूरच्या भंगारात गेलो. माझ्या छातीवर गंजके कूलर रचले गेले.

कस्तुरीने मला तिथून शोधून आणले आणि रुग्णालयात नोकरी लागताच कामाला लावले. ती काही विसरली नव्हती. मीही नाही.

यंदा रुग्णालयाला आणखी सर्व्हर हवे होते. विकायला आले दामोदर सर, तोच बंद झाकणाचा सर्व्हर घेऊन. कस्तुरीने त्यांना कॉफी दिली आणि रुग्णालयाचे प्रमुख कृष्णमूर्ती यांच्यासमोर एकच अट घातली. चालू सर्व्हरचा पंखा बदलून दाखवायचा. आधी तिने माझा बदलला. माझे काम क्षणभरही थांबले नाही.

त्यांच्या सर्व्हरची पाळी आली तेव्हा सर म्हणाले, उद्या माणूस पाठवतो.

"तुम्हीच केलाय की हो, सर. तुम्हीच उघडा," कस्तुरी शांतपणे म्हणाली.

सरांनी ड्रिल मागवले. रिव्हेट उडवताना बोट कापून घेतले. शेवटी सर्व्हर बंद करावाच लागला. त्याचा पडदा काळा झाला आणि मला भारी आनंद झाला.

"सरी, ठीक आहे," कृष्णमूर्ती म्हणाले, "हे आम्हाला नको."

सर कस्तुरीजवळ येऊन पुटपुटले, "तेव्हा माझं चुकलं. आता सांभाळून घे."

"मला नको, यांना सांगा. दोष कुणाचा होता, तेही सांगा."

मान खाली घालून त्यांनी सगळे सांगितले. कस्तुरीने ऐकून घेतले, ऑर्डर मात्र दिली नाही.

मित्रांनो, तिला कदाचित सरांचे वाईट वाटले असेल. मला नाही. उद्या तुम्ही काही बनवाल, तेव्हा झाकण लावण्याआधी ते उघडणाऱ्या हातांचा विचार करा. नाही केलात, तर ते तुमच्याच हातांनी उघडायला लावणारे कोणीतरी भेटेल.