समोरचे दोन

त्या गायकाला लोक तो तिशीत असल्यापासून ‘म्हातारा’ म्हणत. आवाजच तसा होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. आता सत्तरी ओलांडल्यावर टोपणनाव आणि माणूस एकदाचे एकमेकांना गाठून बसले होते. रॉक गाणाऱ्या माणसाने या वयात मंचावर उड्या माराव्यात की नातवंडांना शाळेत सोडावं, यावर घराघरांत दोन तट होते.

कवळीमास्तरांच्या घरात तर ते एकाच सोफ्यावर बसत.

एका टोकाला स्वतः मास्तर. चौतीस वर्षं लोकांचे दात बनवणारे आणि चाळीस वर्षं म्हाताऱ्याचे भक्त. दुसऱ्या टोकाला त्यांचा मेहुणा, विजेच्या मीटरचा निवृत्त तपासनीस. त्याने आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली बॅटरी मारून चोऱ्या पकडल्या होत्या, त्यामुळे जगात एकही मीटर सरळ फिरत नाही अशी त्याची खात्री होती. मध्ये मास्तरांची बायको, शेंगा सोलत.

रविवारी दुपारी टीव्हीवर म्हाताऱ्याचा कार्यक्रम थेट दाखवत होते.

“भाऊजी, हा गातोय की कुणी कपाट सरकवतंय?” मेहुण्याने सुरुवात केली.

“तू गप ऐक.”

“ऐकतोय ना. सत्तरीचा माणूस दोन तास उड्या मारतो आणि दम लागत नाही? टेप आहे टेप. हा नुसते ओठ हलवतोय. ओठांकडे बघा.”

“तुला देवळातली घंटासुद्धा टेप वाटेल,” बायको म्हणाली.

तेवढ्यात ते गाणं आलं. ‘सोसणार नाही, सोडणार नाही.’ या गाण्यातल्या प्रत्येक ‘स’मागून एक बारीक शीळ निघायची, किटलीतून वाफ सुटल्यासारखी. समोरच्या दोन दातांमधल्या फटीतून हवा सुटायची म्हणून. भक्त त्या शिळेवर जीव टाकत, आणि बाकीचे म्हणत, दाताच्या डॉक्टरकडे जायचं सोडून हा स्टुडिओत गेला.

म्हातारा ‘सोसणार’ म्हणाला आणि शीळ आली. लख्ख, तीस वर्षांपूर्वीसारखी.

एरवी मास्तरांनी डोळे मिटले असते. आज ते उघडेच राहिले. शीळ यायला नको होती.

कारण ती फट मास्तरांनी स्वतःच्या हाताने बुजवली होती.

अकरा आठवड्यांपूर्वी, मास्तर ज्यांच्यासाठी दात बनवत त्या डॉक्टरीणबाईंकडून नेहमीसारखा डबा आला होता. बाई रुग्णाचं नाव कधी पाठवत नसत, फक्त नंबर. यावर नंबर होता सत्तावीस. आत जबड्याचे दोन साचे: एक समोरचे दात काढण्याआधीचा, एक नंतरचा. पहिला हातात घेतला आणि मास्तर उभेच राहिले. ती फट त्यांनी चाळीस वर्षं रेकॉर्डच्या वेष्टणावर पाहिली होती, आपल्या बायकोच्या कपाळावरच्या तिळाइतकी ती त्यांना पाठ होती. फोन केला तर बाई एवढंच म्हणाल्या, “ओळखलंत ना? मग विसरा. हे बाहेर गेलं तर तुमचं माझं काम संपलं.”

डब्यातल्या चिठ्ठीवर तीनच ओळी होत्या. ‘समोरचे दोन. काढता-घालता येणारे. छान करा.’

दात बनवणाऱ्यांच्या धंद्यात ‘छान’ म्हणजे एकच: सरळ, पांढरे, एकमेकांना चिकटून. चौतीस वर्षांत फट मागायला कुणी आलं नव्हतं, बुजवायला मात्र सगळे. शिवाय हे काम म्हाताऱ्याचं! मास्तरांनी एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लावले. बिचाऱ्याने म्हातारपणी तरी तोंड भरून हसावं. मध्ये कागदसुद्धा जाणार नाही असे दोन दात त्यांनी शेजारी-शेजारी बसवले होते.

आता ते सोफ्यावर बसून हिशेब मांडत होते. दात घातले तर फट नाही, शीळ नाही. दात काढून ठेवले तर पुढे खिंडार, ‘स’चा सरळ ‘फ’ होणार. माइकमुळे दात काही दिसत नव्हते. मग ही शीळ आली कुठून? एक तर मास्तरांचं काम अकरा आठवड्यांत सैल झालं होतं, नाहीतर मेहुणा पहिल्यांदाच खरं बोलत होता.

“चेहरा का पडला, भाऊजी? पटलं ना?”

“टाळ्या जरा जास्त वाजतायत, एवढंच,” मास्तर म्हणाले. आणि आपण हे बोललो याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते कामाचा डबा स्वतः घेऊन दवाखान्यात गेले. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “सत्तावीस नंबरची काही तक्रार? सैल वगैरे?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “नाही. घट्ट बसलेत. का? कुणाशी बोललात का काही?”

“छे, छे! आपलं कामाचं म्हणून.”

“कामाचं म्हणून तुम्ही आजवर कधी विचारलं नाहीत.”

मास्तर पायऱ्या उतरले ते गुन्हेगारासारखे. दात घट्ट होते, म्हणजे हात शाबूत होता. पण मग टेप! चाळीस वर्षं ज्या माणसासाठी मेहुण्याशी भांडलो, लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोशी अबोला धरला, तो नुसते ओठ हलवत होता?

पुढचे पंधरा दिवस घरात म्हाताऱ्याची एकही रेकॉर्ड वाजली नाही. मास्तरांना आता जुन्या रेकॉर्डीतही काहीबाही ऐकू यायला लागलं होतं. इथे श्वास का नाही? ही शीळ मागच्या शिळेसारखीच कशी? बायकोने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप नाही. मग भांडत का नाही तुम्ही? माझा भाऊ काल तासभर त्याला शिव्या घालून गेला आणि तुम्ही सुपारी कातरत बसलात.”

“वय झालं.”

“तुमचं की त्याचं?”

मग एके सकाळी डबा आला. नंबर सत्तावीस. मास्तरांनी झाकण उघडलं आणि त्यांच्या तोंडून शिवीच गेली.

त्यांच्या तीन दिवसांच्या कामाला कुणीतरी कानस लावली होती. दोन्ही दात आतल्या बाजूने घासलेले, ओरखड्यांनी भरलेले. मध्ये उजेड दिसत होता. बाईंच्या चिठ्ठीत होतं, ‘रुग्णाने घरी स्वतः घासले आहेत, म्हणे. कडा जिभेला लागते. गुळगुळीत करा.’

‘म्हणे’ या शब्दापाशी मास्तर थांबले. मेहुण्याचा संशय आता त्यांच्याही अंगात मुरला होता. स्वतः कशावरून? हाताखालच्या कुणीतरी घासले असतील, टेप उघडी पडू नये म्हणून.

त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं. कानशीच्या रेघा तिरप्या होत्या. मास्तरांच्या स्वतःच्या रेघा रोज उजवीकडे झुकायच्या, या डावीकडे झुकल्या होत्या. ते उठले, कपाटातून जुनी रेकॉर्ड काढली. वेष्टणावर म्हातारा गिटार उलटी धरून उभा होता. डावखुरा!

मग त्यांनी फट मोजली. दोन पूर्णांक चार मिलिमीटर. पहिल्या साच्यातली, मूळची, अडीच. मोजपट्टी नाही, भिंग नाही. त्या माणसाने घासायचं, तोंडात घालायचं, ‘सोसणार’ म्हणायचं, पुन्हा घासायचं, असं करत कानाने माप गाठलं होतं. मास्तरांना आधी राग आला, मग हसू आलं. छान करा म्हणजे काय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

शीळ खरी होती.

खुशीत ते पहिला साचा फडताळावर ठेवायला निघाले, आणि सवयीने एकदा उजेडात फिरवला. हात तिथेच थांबला. जन्मजात फट मुळाशी एका रुंदीची असते, टोकाशी दुसऱ्या. ही मूळची फटसुद्धा वरपासून खालपर्यंत सारखी होती, कानस फिरवल्यासारखी सरळ. चाळीस वर्षं ते या फटीकडे भक्त म्हणून बघत होते, कारागीर म्हणून कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी भिंग उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचलायला हात गेला, तो त्यांनी खिशात घातला.

दात त्यांनी गुळगुळीत केले, फटीला धक्का न लावता. बाईंच्या चिठ्ठीखाली लिहिलं, ‘अंतर तसंच ठेवलं आहे.’

संध्याकाळी मेहुणा आला तेव्हा रेकॉर्ड वाजत होती.

“आला का पुन्हा कपाट सरकवायला? भाऊजी, लिहून देतो, माणूस बनावट आहे.”

“अरे, त्याचे दात...” मास्तर उसळले आणि ओठ मिटून घेतले.

“दात काय?”

“दात दुखतोय. माझा.”

“कवळीमास्तरांचा दात दुखतोय!” मेहुणा सोफ्यावर आडवा होऊन हसला. “ताई, ऐकलंस का?”

बायको हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. रेकॉर्डवर ‘सोसणार’ आलं, शीळ वाजली, आणि मास्तरांनी डोळे मिटले. पण मान मात्र थोडी कलती ठेवली, मेहुणा मीटरला कान लावायचा तशी.