पऱ्हाटीचं काकडीघर

आमच्या गावाला अक्कल आहे, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या तोंडावर हसेन. शिंदखेड्याजवळचं आमचं गाव. माझी शेजारीण प्रमिला विधवा. तिने वर्षभर राबून वावरात काकडीघर उभं केलं: बांबूचा सांगाडा, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे कूड, वरून शेणमातीचा लेप, छताला जुनी सुती लुगडी. मे महिन्यात बाहेर माणूस भाजून निघे, आणि आत काकडीचे वेल हिरवेगार. ते पीक आलं, की थोरल्या दिराच्या, मोतीलालच्या घरी भाकरी थापायला परत जावं लागणार नव्हतं. तिला एवढंच हवं होतं.

मोतीलालला तेच खुपत होतं.

गेल्या हंगामात बोंडअळीने सगळ्यांचा कापूस खाल्ला. पऱ्हाटीत अळी लपते, पेरणीआधी ती नष्ट करा, असं कृषी सहायक सभेत सांगून गेला. मोतीलाल लगेच उठला.

"बठ्ठी अळी प्रमिलाना कूडमाईनच निंघनी!"

शेणमातीने लिंपलेल्या काडीतून अळी कुठून निघणार? पण माना डोलल्या. माझीही डोलली.

"आबा, तुमना बठ्ठास्ना घरजोडे पऱ्हाटी शे. ती?" प्रमिलाने दारोदारच्या ढिगांकडे बोट दाखवत विचारलं.

"ती चुल्हानी शे," मोतीलाल म्हणाला. लोक हसले.

"मंग आठ दिन थांबा. काकड्या व्हई जातीन. मंग मीच मोडी टाकसू."

कोण थांबतंय! सभेतूनच सगळे वावरात गेले. आधी बायकांनी बोटाएवढ्या काकड्या तोडून पदरात भरल्या. मीही भरल्या, खोटं कशाला बोलू? मग मोतीलालने काडेपेटी प्रमिलाच्याच हातात दिली. तीन काड्या तिच्या हातात विझल्या. चौथी त्याने तिचं मनगट धरून लावली. आधी छताची लुगडी पेटली, मग लेप तडकून वाळलेला कूडही भडभडून पेटला. प्रमिला रडली नाही. वेलांकडे पाहत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ताक मागायला मोतीलालकडे गेले. प्रमिला चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते.

"देख वहिनी," मोतीलाल भरल्या घराकडे हात करत मला म्हणाला, "आते घर कशं भरेल वाटस!"

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोल, एवढंच त्या नजरेत होतं.

मी म्हणाले, "हा ना भाऊ," आणि ताकाचा गडू पुढे केला.